नवव्या थांब्यावरच्या खुर्च्या

माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे की मला नोकरी मिळाली ती शिक्षणावर नाही, भोचकपणावर. तो चिडवण्यासाठी म्हणतो, पण खोटं नाही ते. कुणाच्या दारात दोन चपला जास्त दिसल्या तरी मला पाहुणे कोण ते कळेपर्यंत चैन पडत नाही. आणि आमच्या कार्यालयात हाच स्वभाव उपयोगी पडतो. जिल्ह्यात सावकाश फिरू पाहणाऱ्यांसाठी आम्ही एक पुस्तिका काढतो, 'निवांत थांबे' नावाची. जिथे गर्दी नाही, रांग नाही, फोटोसाठी धक्काबुक्की नाही, अशा वीस जागा. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघायची होती आणि जुन्या वीसच्या वीस जागा अजून निवांत आहेत का, हे बघायचं काम माझ्याकडे आलं होतं.

आमची पद्धत साधी आहे. ओळख न सांगता जायचं आणि दोन तास बसायचं. किती माणसं आली ते मोजायचं. पाचाच्या वर गेली तर जागा बाद. जागा कुणाच्या खाजगी मालकीची निघाली तरी बाद, कारण लोकांच्या अंगणात प्रवासी घुसवायला आम्ही काही सोयरे नाही. बस, एवढेच नियम. आठ जागा माझ्या बघून झाल्या होत्या. त्यातल्या एका पाणवठ्यावर दोन तासांत फक्त एक बदक आलं आणि तेही मला बघून परत फिरलं.

नववा थांबा मात्र मला पहिल्यापासून खुणावत होता. आमच्या जुन्या साहेबांनी नऊ वर्षांपूर्वी त्याची नोंद केलेली. बाकीच्या नोंदी कशा, रस्ता कुठला, पाणी मिळतं का, बस किती वाजता, अशा कोरड्या. आणि इथे लिहिलं होतं, 'ओढ्याच्या वळणावरचं अंगण. तुतीच्या झाडाखाली अकरा खुर्च्या, माणूस एकही नाही. दोन तास बसलो, कुणी उठवलं नाही.' सरकारी कागदावर असं लिहिणारा माणूस एकतर फार थकलेला असणार किंवा फार सुखात. आणि अकरा खुर्च्या कशाला? रिकाम्या जागी बाक असतं, दगड असतो. अकरा खुर्च्या मांडल्या कुणी, आणि रात्री आत कोण नेतं?

सकाळी अकराच्या बसनं उतरले. उतरणारी मी एकटीच. रस्ता ओलांडून, ओढ्याच्या कडेनं दोनशे पावलं, की एक बुटकं लाकडी फाटक. आत तुतीचं झाड, त्याच्या मागे बसकं घर, आणि झाडाखाली खुर्च्या. या खेपेला बारा होत्या. सगळ्या सारख्या, काळपट लाकडाच्या, आणि प्रत्येकीची बैठक नव्याकोऱ्या वेतानं विणलेली. मी फाटकाशी उभी राहिले तोच घरातून एक बाई आल्या. साठी उलटलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात ओले, एका पायावर जरा झुकत चालणाऱ्या.

"पुस्तिका वाचून आलात ना? या, बसा," त्या म्हणाल्या. आणि ऐसपैस अकरा खुर्च्या सोडून उजवीकडची तिसरी दाखवली. "इथे बसा."

मी बसले. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत निघून गेल्या. ना गप्पा, ना कुठून आलात, ना मुलं किती. मला तर तो अपमानच वाटला.

पण जागा होती खरी. ओढा जेमतेम घोटाभर, तरी त्याचा आवाज येत होता. वर तुतीत कुठलेसे पक्षी कुरकुर करत होते. मी वहीत वेळ लिहिली आणि बसून राहिले. माणूस एकही आला नाही. बरोबर बारा वाजता बाई बाहेर आल्या.

"ताई, त्या पलीकडच्या खुर्चीवर बसता का? तिथे सावली येईल."

सावली माझ्या डोक्यावर होतीच. पण म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा म्हणून मी उठले. त्यांनी माझी आधीची खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली. पुन्हा तास गेला. दोन तास झाले, माणसं शून्य, माझं काम संपलं. जुन्या साहेबांची चूक काय झाली तेही आता स्पष्ट होतं. हे कुणाचं तरी घर होतं, सरळसरळ राहतं घर. नव्यानं विणलेल्या खुर्च्या बाहेर सुकत ठेवलेल्या, त्या त्यांना प्रवाशांसाठी मांडलेल्या वाटल्या आणि साहेब खुशाल ठाण मांडून बसले. नियमाप्रमाणे नववा थांबा बाद. मी वही मिटायला घेतली तोच एक वाजला आणि बाई पुन्हा दारात.

"आता ती टोकाची घ्या. तिथून ओढा छान दिसतो."

ओढा सगळीकडून सारखाच दिसत होता. मग माझ्या मनात पाल चुकचुकली. दर तासाला, घड्याळ लावल्यासारखं? बाई आत वळल्या. टोकाच्या खुर्चीवर बसायचं सोडून मी भिंतीशी गेले आणि माझी पहिली खुर्ची उलटी केली. खाली खडूनं बरोबरची खूण होती. मग झाडाखालची एक उलटली. खूण. तिसरी, चौथी, सगळ्यांना खूण. काहींना खुणेशेजारी पुसलेल्या जुन्या फुल्या. मी दुसऱ्या तासाला बसले होते तिला आणि त्या टोकाच्या खुर्चीलाच तेवढी खूण नव्हती.

"काय शोधताय?"

बाई मागे उभ्या होत्या, हातात खडू. चोरी पकडली गेल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. माझाही तसाच झाला असणार.

"मावशी, हे काय चाललंय?" मी विचारलं. "तुम्ही मला बसवताय की तपासताय?"

"तुम्हाला नाही," त्या म्हणाल्या. "खुर्चीला."

मग मी कार्यालयातून आल्याचं सांगून टाकलं. माझ्या पोटात तसंही काही राहत नाही. साहेबांकडून चूक झाली होती, घर खाजगी आहे, नोंद आता काढून टाकू, नऊ वर्षं तुम्हाला उगाच त्रास झाला, माफ करा, असं सगळं मी एका दमात बोलले. मला वाटलं होतं त्यांचा जीव भांड्यात पडेल.

त्यांनी माझ्या दुसऱ्या तासाच्या खुर्चीला खूण केली. खडू खिशात ठेवला आणि ओले हात पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या.

"काढा," शेवटी म्हणाल्या. "तुमचं काम आहे ते."

त्या 'काढा'मध्ये असं काहीतरी होतं की मला राहवेना. मी त्यांच्या मागे मागे घरात गेले. बोलावलं नव्हतं, पण मी अशा बाबतीत आमंत्रणाची वाट बघत नाही. पुढची खोली म्हणजे कामाची खोलीच होती. टबात वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या, भिंतीवर लाकडी खुंट्या, आऱ्या, एक जाड सुरी. खिडकीशी उंच स्टूल, आणि त्या खिडकीतून तुतीखालचं सगळं अंगण दिसत होतं. म्हणजे दोन तास मी पक्ष्यांकडे बघत होते आणि या माझ्याकडे.

"बोटं गेलीत माझी," त्या स्टुलाला टेकत म्हणाल्या.

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. दहाच्या दहा बोटं जागेवर होती.

"दिसतात हो. पण टोकांना काही कळत नाही. दहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, नसा." त्यांनी अंगठ्याच्या टोकावर आरी टोचून दाखवली. मीच दचकले, त्या नाही. "विणायला डोळे पुरतात. पण पट्टीला ताण किती आहे ते डोळ्यांना दिसत नाही, ते अंगठ्यानं दाबून बघायचं असतं. एक पट्टी ढिली राहिली की तिचा भार शेजारणीवर येतो. सुरुवातीला काही वाटत नाही. अर्ध्या-पाऊण तासानं मांडीला टोचायला लागतं."

"मग स्वतः बसून बघायचं ना."

"खुब्याचं ऑपरेशन झालंय. मी खुर्चीत बसूच शकत नाही. हे स्टूल तेवढं चालतं."

"घरातलं कुणी? गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक टेकतं न टेकतं तोच 'छान' म्हणून उठतं. आणि सून आहे, रविवारी येते. गुणाची पोर. मी तिला काटेरी कुंपणावर बसवलं तरी 'मस्त जमलंय, आई' म्हणेल."

बोटं गेल्यावर त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. संगीत शाळेच्या सहा खुर्च्या अंदाजानं विणून दिल्या. वाजवणारी मुलं तीन-तीन तास बसणार. महिन्याभरात सहाही परत आल्या, सोबत चिठ्ठी, की मुलं चुळबुळ करतात. चाळीस वर्षांच्या कामात पहिल्यांदा माल परत आला होता. त्यांनी काम बंद करायचं ठरवलं, अवजारंसुद्धा बांधून ठेवली. आणि त्याच आठवड्यात हातात पुस्तिका घेऊन एक अनोळखी माणूस फाटकातून आत आला आणि खुर्चीवर जाऊन बसला.

"मला वाटलं वेडाबिडा आहे," त्या म्हणाल्या. "हाकलणार होते. पण खिडकीतून बघत राहिले. अर्धा तास शांत होता, मग एकदम डावीकडे सरकला. पुन्हा सरकला. मग तिथे रुमाल घडी करून ठेवला. मी म्हटलं, अगं बाई! डावीकडची मागून चौथी पट्टी. तो गेल्यावर उलगडून बघितली. तीच होती."

त्या पहिल्यांदा हसल्या. मीही हसले. मला ती गोष्ट इतकी आवडली की मी इथे नोंद काढायला आले आहे हे विसरूनच गेले.

"घाईतला माणूस कामाचा नाही," त्या सांगत होत्या. "तुमचे हे सावकाश फिरणारे लोक, यांना कुठे पोचायचंच नसतं. तास तास बसतात. महिन्याला चार-पाच येतात, तेवढे पुरतात मला. मी कुणाला खोटं सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही."

"पण मग सांगा की लोकांना! पुस्तिकेत लिहू आपण, इथे या, खुर्च्या तपासा. उलट हौसेनं येतील."

त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "बारावी खुर्ची राहिली आहे," त्या म्हणाल्या. "त्याच शाळेची ऑर्डर. नऊ वर्षांनी पुन्हा विचारलंय त्यांनी. उद्या सकाळी गाडी येणार. बसा तिच्यावर आणि सांगा मला."

मी जाऊन बसले. अगदी मन लावून बसले. डावी मांडी, उजवी मांडी, मागे, पुढे. दहा मिनिटांत माझी खात्री पटली की खुर्ची उत्तम आहे. मग पुढच्या दहा मिनिटांत वाटलं की उजवीकडे टोचतंय. सरकले, तर डावीकडे टोचायला लागलं. शेवटी मला माझ्या कमरेखाली खुर्ची आहे की नुसता विचार, तेच कळेना.

"छान आहे, मावशी," मी खिडकीकडे बघून म्हटलं.

"फोटो काढायला बसल्यासारख्या बसलाय तुम्ही," त्या आतून म्हणाल्या. "आता तुमचा मला उपयोग नाही. तुम्हाला कळलंय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण हिशेब सरळ होता. एक वाजता मी गुपचूप टोकाच्या खुर्चीवर बसले असते तर दोन वाजता त्यांची बारावी खुर्ची पार पडली असती. माझा एक तास माझ्या नाक खुपसण्यामुळे वाया गेला होता, आणि माझ्या आधीच्या खुर्चीला त्यांनी माझ्यासमोरच खूण केली होती, म्हणजे राहिली होती ती फक्त हीच. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात इतक्या घरांत डोकावले, पण कुणाचं नुकसान करून बाहेर पडल्याचं हे पहिल्यांदाच कळत होतं.

"ती खुर्ची न तपासता द्या की," मी म्हटलं. "अकरा पास झाल्यात."

"परत आली तर मी पुन्हा विणणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "एकदा सोसलं."

साडेतीन वाजत आले होते. फाटकाशी आवाज आला. एक वयस्कर जोडपं ओढ्याच्या कडेनं चालत आलं होतं, पायात धुळीनं भरलेले बूट, काकांच्या हातात आमची पुस्तिका. काकू एक हात कमरेवर ठेवून उभ्या.

"पुस्तिकेत लिहिलंय ती जागा हीच का?" काकांनी मला विचारलं.

खिडकीत हालचाल झाली नाही. मावशी माझ्या उत्तराची वाट बघत होत्या हे न बघताही मला कळत होतं. मी कार्यालयाची माणूस होते आणि नियम मला पाठ होता.

"मावशी," मी वळून विचारलं, "तुमच्या फाटकाला कडी आहे का?"

"कधीच नव्हती."

"हीच ती जागा," मी काकांना म्हटलं. "बसा ना. काकू, तुम्ही त्या टोकाच्या खुर्चीवर बसा."

आणि मी आत गेले, कारण बाहेर राहिले असते तर काहीतरी बोललेच असते. खिडकीशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. मावशी कानात सांगत होत्या, आधी पाय बघायचे, मग खांदे. काकांच्या खुर्चीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. काकू पहिली पाच मिनिटं सारख्या हलत होत्या. मग त्यांनी बूट काढले. मग मान मागे टेकली. वीस मिनिटांनी त्यांचा डोळा लागला.

"झोपल्या," मी पुटपुटले. "झालं ना?"

"टोचणारी पट्टी झोपलेल्यालाही उठवते. तास भरू दे."

घड्याळात पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली. पस्तीस झाली. तेवढ्यात काका उठले, पुस्तिकेत बसची वेळ बघितली आणि काकूंच्या खांद्याला हात लावायला वाकले. चार वाजून दहाची बस, शेवटची. मला ती वेळ आठवली. साडेतीनच्या सुमारास बसलेल्या काकूंचा तास भरायला साडेचार व्हायला हवे होते.

मी खिडकीतून काकांना ओठांवर बोट ठेवून थांबवलं. "झोपू द्या त्यांना," मी हळूच म्हटलं. "बस मी थांबवते." काका गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मी दोनशे पावलं पळत रस्त्यावर पोचले तेव्हा बस वळणावर दिसत होती.

थांबवली तर खरी, पण वीस मिनिटं कशी अडवायची? मी ओळखपत्र काढलं, पायरीवर एक पाय ठेवला आणि माझ्या स्वभावाला मोकळं सोडलं.

"ड्रायव्हरसाहेब, सरकारी पाहणी आहे. या रस्त्यावर सगळ्यात निवांत थांबा कुठला?"

"हाच," ड्रायव्हर म्हणाला. "बाई, चढा."

"हा कसा?" आतून एक जाडजूड बाई म्हणाल्या. "आमच्या वीटभट्टीच्या थांब्यावर गेल्या आठवड्यात मी एकटी चढले!"

"एकटी तरी चढलात," मागून एक म्हातारे ओरडले. "आमच्या थांब्यावर बस थांबतच नाही! मी पुढच्यावरून चालत येतो."

मग काय विचारता. सहा प्रवाशांनी आपापल्या थांब्याच्या रिकामपणाची बाजू अशी काही लढवली की मी वहीत नुसत्या रेघोट्या ओढत होते. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तो निवाडा करायला बसला. मीही मध्ये मध्ये एकेक काडी टाकत होते. सोमवारी किती? पावसात किती? कुत्रं धरायचं की नाही?

साडेचार वाजून गेले आणि ते दोघं रस्त्यानं येताना दिसले. काकू दोन्ही हात मोकळे सोडून चालत होत्या.

"माफ करा हं, मंडळी," त्या म्हणाल्या. "कसा डोळा लागला कळलंच नाही. आत्ता आपोआप जाग आली."

काका त्यांना पायरी चढवत मला म्हणाले, "आठ वर्षं हिला कमरेचं दुखणं आहे. कुठेही पंधरा मिनिटांवर बसवत नाही. सिनेमाला गेलो तर ही मागे उभी असते. आज तासभर बसली. कोणी बनवली असेल ती खुर्ची?"

"बसल्या जागी विचारायचं की हो," ड्रायव्हर म्हणाला. "चढा, बाई. ही शेवटची आहे."

मी पायरीवरचा पाय काढून घेतला. त्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. त्यानं कपाळावर हात मारला आणि बस निघून गेली.

मी परत आले तेव्हा मावशी अंगणात होत्या. बारावी खुर्ची उलटी करून समोर ठेवली होती, खडू हातात होता, पण खूण केली नव्हती.

"तास भरला," त्या म्हणाल्या. "पण ती दमलेली होती. दमलेला माणूस कुठेही झोपतो. काय सांगावं."

मी काका जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. आठ वर्षं, पंधरा मिनिटं, सिनेमाला मागे उभं राहणं, सगळं.

त्यांनी खुर्ची सरळ केली. बैठकीवरून अंगठा फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग पुन्हा उलटा. त्या अंगठ्याला काही कळत नव्हतं हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

"किती मिनिटं म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"पंधरा. पंधरा मिनिटांवर बसवत नाही."

"आणि इथे?"

"तास. वर पाच मिनिटं."

त्या मान खाली घालून अंगठा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."